डोंगरावरच्या देवळाचे छप्पर

पाऊस धाडणाऱ्यास आणि डोंगरावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या वडिलांस नमन करून, जे घडले ते लिहितो. शके पंधराशे एकोणसत्तर, पावसाआधीचा महिना, एके दिवशी दोन प्रहरी मध काढणारे डोंगरावरून उतरले आणि शिवेवर उभे राहून सांगते जाहले की देवळाचा वासा मोडला आणि नाबांडा छपरावरून खडकावर पडून वारली. नाबांडा माझी बायको.

आम्हा चेवा लोकांची आद्य वस्ती त्याच डोंगरावर होती. तेथील खडक पूर्वी मऊ होता आणि पहिल्या माणसांची व जनावरांची पावले त्यात उमटली, ऐसे वडील सांगत. मग वस्ती पाण्यासाठी नदीकाठी उतरली आणि वर पावसाच्या देवाचे गवती देऊळ तेवढे राहिले. राज्याचा दंडक ऐसा की, दरसाल पावसाआधी जावयाने गवत कापून वर न्यावे आणि पहिली पेंढी बांडा कुळीच्या लेकीनेच चढवावी. नाबांडा त्या कुळीची शेवटची लेक, आणि रीतीप्रमाणे तिच्या गावी येऊन राहिलेला जावई मी.

त्या साली मी नवी कणगी विणीत बसलो. नाबांडेने तीनदा गवताची आठवण करून दिली. गावच्या बायका हसत, की दाजींची कणगी राजाच्या महालाहून मोठी होणार, आणि मला ते गोड वाटे. मग मी तिला म्हणालो, "डोंगरावरचे तुझे वाडवडील इतकी वर्षे थांबले, आणखी चार दिवस थांबतील."

ती म्हणाली, "ते थांबतील हो. पाऊस थांबेल का?"

आणि दुसरे दिवशी माझाच विळा घेऊन ती गेली, गवत आपणच कापले आणि एकटी वर चढली. वासा कुजला होता. तो पाहून बदलणे हे माझे काम होते.

तिला पुरले, आणि सुतकाच्या दिवसांत मी नव्वद पेंढ्या कापल्या व नवे वासे तासले. मग तिचे थोरले बंधू ग्वाझा, घराचे कारभारी, यांस विनविले की छप्पर घालून मग निघतो. ते म्हणाले, "दाजी, ती नाही, तर तुम्ही इथले कोणी नाही. आईच्या गावी जा." रागाने म्हणाले नाहीत. बायको गेली की जावयाने परतावे, हीच आमची रीत.

एकंदर हकिकत इतकी. गवत आणि वासे डोंगराच्या पायथ्याशी ठेवून आईच्या गावी आलो. पहिली पेंढी चढविणारी कुळीत कोणी उरली नाही. छप्पर अजून घातलेले नाही.