कॉफीच्या नावाचा टँकर

पिकाला पाणी लागतं, ही अडाणी समजूत आहे. पिकाला आधी संस्था लागते. संस्थेला चेअरमन लागतो, सचिव लागतो, रबरी शिक्का लागतो. आणि एवढं जमलं की पिकाची घाई कुणालाच राहत नाही. मी स्वतः अशा एका संस्थेचा सचिव होतो, म्हणून अधिकारानं सांगतो.

साल त्र्याऐंशी. बहात्तरचा दुष्काळ कधीच संपल्याचं कागदोपत्री होतं. तामलवाडीपासून चार कोसांवरच्या आमच्या वाडीला ती बातमी कळायची होती. अशात आमचे पुढारी शरणबसप्पाअण्णा सोलापूरहून बियाणांच्या दुकानाचं एक कॅलेंडर घेऊन आले. मार्चच्या पानावर प्रशांत महासागरातलं बेट होतं. उतारावर कॉफीचे मळे, लालबुंद फळं, आणि ओसरीवर एक गुबगुबीत बाई कप धरून समुद्राकडं बघत बसलेली. अण्णांनी तासभर चित्र बघितलं. मग मला म्हणाले, "हिला हाय का कसली काळजी? आजपास्नं तुमी सचिव. लिवा अर्ज."

चित्राखाली छापलं होतं की कॉफीला चार गोष्टी लागतात: उतार, सावली, समुद्र आणि पाऊस. आम्ही शास्त्रीय पाहणी केली. उतार होता. सावलीला शांतलिंग गुरवाची छत्री होती. समुद्र नव्हता, पण गावच्या दोन्ही विहिरींचं पाणी खारट, म्हणजे समुद्राचा मुख्य गुण घरपोच होता. राहता राहिला पाऊस. सबब आमची वाडी पंचाहत्तर टक्के बेट ठरली. (उरलेले पंचवीस टक्के देवावर सोपवले. त्याला सभासद मात्र करून घेतलं नाही.)

कर्नाटकातून चाळीस रोपं आली. एकवीस शेळ्यांना आवडली, अठरा उन्हाला. एक जगलं.

आता ह्या एका रोपाचा महिमा ऐका. गावानं पिण्याच्या पाण्याचा टँकर तीनदा मागितला होता. तिन्ही वेळा उत्तर आलं, गावात दोन विहिरी आहेत, सबब पाणी आहे. (खारं की गोडं, असा रकाना फॉर्मात नव्हता.) मग अण्णांनी रोपासाठी अर्ज केला आणि चौथ्या दिवशी टँकर दारात! 'नवीन पीक संरक्षण' अशी योजनाच निघाली होती. माणूस हे जुनं पीक, ते तिच्यात बसत नव्हतं. दर सोमवारी दहा हजार लिटर यायचं. रोप तांब्याभर प्यायचं आणि बाकीचं 'मुरलं' असं मी वहीत लिहायचो. मुरायचं ते तीनशे बारा माणसांत. अहो, काय दिवस होते! बाया टँकरपुढं फुगड्या घालायच्या. पुतळाबाईनं तर रोपाची ओटी भरली.

एप्रिलात रोप मेलं. आमचा म्हातारा गेला तेव्हासुद्धा गाव इतकं रडलं नव्हतं. त्यातच पत्र आलं, साहेब रविवारी पाहणीला येणार. रोप नाही तर टँकर नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आम्ही करंजाचं एक तरतरीत रोप आणून छत्रीखाली लावलं आणि तुळजापूरच्या दुकानातले लाल मणी दोऱ्यानं त्याला बांधले. साहेब कॉफीतज्ज्ञ होते, म्हणजे रोज दोनदा प्यायचे. रोपाभोवती तीन फेऱ्या मारून ते म्हणाले, "वा! आता चव बघू."

पुतळाबाईनं चिंचोके भाजले, जात्यावर दळले, गूळ टाकला. टँकर सोमवारचा; तिच्या घागरीत बुडाशी होतं तेवढंच पाणी. तेच उकळलं. साहेबांना ओसरीवर बसवलं. बेटावरच्या रीतीप्रमाणं आम्ही अकरा संचालकही रिकामे कप धरून, कोरड्या पाझर तलावाकडं तोंड करून, ओळीनं बसलो. साहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले. आमचा जीव टांगणीला लागला.

"अस्सल!" साहेब म्हणाले. "बाई, अजून मिळेल?"

पुतळाबाईनं घागर तिरकी करून आत बघितलं. "व्हय की साहेब, मिळंल. तुमच्यापरीस पाणी मोठं हाय व्हय?"

साहेब तीन कप प्यायले. इतके खूश झाले की तिथंच शेरा लिहून वाचून दाखवला: 'फळधारणा उत्तम. पीक स्वयंपूर्ण झाले आहे. संरक्षणाची गरज उरली नाही, सबब टँकर उद्यापासून बंद करावा.' आम्ही कडाडून टाळ्या वाजवल्या, कारण साहेबांनी काहीही वाचलं की टाळ्या वाजवायच्या असं आधीच ठरलं होतं.

जीपचा धुरळा खाली बसल्यावर अण्णा उठले आणि त्यांनी कॅलेंडरचं पुढचं पान उलटलं. त्यावर अननस होता.

"सचिव," ते म्हणाले, "लिवा अर्ज."

हा किस्सा मी पुष्कळ शिकल्यासवरल्या मंडळींना सांगितला आहे. पोट धरधरून हसतात आणि मग न चुकता विचारतात, ती चिंचोक्यांची कॉफी लागते तरी कशी? चांगली लागते. अननसाचा टँकर यायला सोळा दिवस लागले. ते सोळा दिवस पुतळाबाई काय प्यायली, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुमच्याही मनात चवीचंच चाललं होतं ना? बसा, बसा. तुमच्यासाठीही कपभर करायला सांगतो. पाण्याचं तिचं ती बघंल.