पहिल्या वेच्याचा कापूस

समुद्रपूरचं लग्न आटोपून शनिवारी संध्याकाळी घरी आल्याबरोबर रूपरावांनी चप्पलही न काढता समोरच्या खोलीतल्या कापसात हात खुपसला. कापूस गरम होता.

भाव चढेल या आशेवर एप्रिलपर्यंत राखलेला तो कापूस छातीभर उंच रचला होता. सकाळी घराला कुलूप लावताना रूपरावांना चोरांची आठवण झाली. चोर कपाट आधी फोडतो, कापसात कोण पाहतो? म्हणून लेकीला, समीक्षाला, कंपनीने दिलेला लॅपटॉप त्यांनी कोपरभर खोल पुरून ठेवला. झाकण मिटलं म्हणजे बंद, एवढंच त्यांचं त्यातलं ज्ञान.

आता तो बाहेर काढला तर तव्यावरच्या भाकरीसारखा चटका बसला. समीक्षा आणि तिची आई कोकिळा अजून फाटकापाशीच बोलत होत्या. रूपरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने लॅपटॉप पुसला, टेबलावर ठेवला आणि पेपराने त्याला वारा घालू लागले.

"बाबा, काय करून राह्यले?" समीक्षा आत आली.

"कुठं काय? माशा हाकलून राह्यलो."

समीक्षाने बटण दाबलं. पडदा काळाच. चार्जर लावून पुन्हा दाबलं, तरी काळाच. तिचा चेहरा उतरला. नोकरीला लागून दोनच महिने झाले होते, कायम व्हायचं अजून बाकी होतं, आणि सोमवारी सकाळी घरूनच ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांना पहिलं काम दाखवायचं होतं. ते सगळं याच लॅपटॉपात होतं.

"माहीच चुकी," ती रडवेली झाली. "फाईली कॉपी होत होत्या म्हणून चालूच ठेवून गेलती मी. एवढ्या उन्हात तापला असन."

खरं सांगायची हीच वेळ होती. रूपरावांनी तोंड उघडलं, लेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. "ऊनच लय हाये यंदा," ते म्हणाले.

कोकिळाबाईंनी लॅपटॉपला पालथा हात लावला. "ताप हाये याच्या अंगात. माठाखालच्या ओल्या रेतीवर ठेवू काय?"

"आई, हात नको लावू!"

तेवढ्यात लग्नात काय जेवण होतं ते विचारायला आलेले शेजारचे मोतीलाल म्हणाले, "मदरबोर्ड जळला असन. माह्या साळ्याचा असाच गेलता. काहीच निघालं नाई त्यातून." मदरबोर्ड म्हणजे काय ते रूपरावांना ठाऊक नव्हतं, पण तो आपणच जाळला एवढं कळलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. लग्नात जास्त झालं, असं सांगून मोकळे झाले.

रविवारी सकाळी बापलेक मोटरसायकलवरून देवळीला चंदनच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. प्रत्येक खड्ड्याला रूपराव मनातल्या मनात हात जोडत होते.

"फॅन अडकला असन तर वाचला," स्क्रू काढता काढता चंदन म्हणाला. "डिस्क गेली असन तर ताईचं काम गेलं. अन् बोर्ड गेला असन तर मंग पुरा लॅपटॉपच गेला. ठेवला कुठं होता?"

"टेबलावर," समीक्षा म्हणाली. कूलरसमोर बसूनही रूपरावांना घाम फुटला. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

खालचं झाकण निघालं. चंदनने चिमट्याने फॅनमधून एक पांढरा पुंजका ओढला. "हे पाहा. हवाच कोंडली. गादीवर ठेवून वापरता ना ताई? जुन्या गादीतला कचरा कापूस हाये हा."

रूपराव कॅलेंडर विसरले.

"कचरा?" त्यांनी पुंजका हिसकावला आणि दोन चिमटींत धरून धागा ओढून दाखवला. "पाह्य! जुन्या गादीत असा लांब धागा असते काय? पहिल्या वेच्याचा कापूस हाये हा, बोंडं फुटल्या फुटल्या वेचलेला, माह्या घरचा!"

समीक्षाने हळूच मान वळवली.

"बाबा, घरचा कापूस याच्यात कसा गेला?"

"चोराच्या भेवानं मीच पुरून ठेवलता," रूपराव पुटपुटले. "मंग तुह्या भेवानं बोललो नाई."

"काका," चंदन म्हणाला, "एक ठिणगी पडती, तर लॅपटॉप राहू द्या, कापसासंगं घर गेलं असतं."

कालपासून रूपराव घाबरलेच होते, पण भलत्याच गोष्टीला.

चंदनने ब्रशने फॅन साफ केला, बोटाने फिरवून पाहिला, चार्जर लावला आणि बटण दाबलं. फॅन घरघरला. पडदा उजळला. समीक्षाने एकेक फाईल उघडून पाहिली. सगळ्या जागच्या जागी होत्या.

"फॅन अडकला म्हणून चालूच होत नव्हता बिचारा," चंदन म्हणाला. "बोर्ड, डिस्क, सगळं ठीक हाये."

समीक्षा हसली, मग तिने डोळे पुसले. "बाबा, उद्या माही मीटिंग होईपर्यंत तुम्ही वावरातच राहाचं."

"राहतो. डबा घेऊनच जातो."

चंदन टेबल झाडून तो पुंजका कचऱ्याच्या डब्यात टाकणार, तोच रूपरावांनी त्याचा हात धरला. पुंजका घेऊन त्यांनी नीट खिशात ठेवला.

"सारं खरं तुहं," ते म्हणाले, "पण कचरा म्हणाचं नाई."