जानव्याला बांधलेला पेन ड्राइव्ह

जानव्याला किल्ल्या बांधणारी माणसं मी पुण्यात पुष्कळ पाहिली आहेत. कपाटाची किल्ली, देव्हाऱ्याच्या खणाची किल्ली. एक गृहस्थ तर स्कूटरची किल्ली बांधत आणि गाडीवर असे वाकून बसत, की ते गाडी चालवताहेत की गाडी त्यांना ओढतेय हे कळत नसे. पण जानव्याला पेन ड्राइव्ह बांधणारा इसम मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो माझा साडू निघावा, ही माझ्या पत्रिकेचीच कृपा असणार.

मुकुंदराव म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडू हे नातं माणूस निवडत नाही. तो बायको निवडतो; ती बहिणीसकट येते आणि बहीण नवऱ्यासकट. हे एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून बंद पडलेल्या लॅपटॉपांचे धन्वंतरी असल्यासारखे वागतात. त्या पेन ड्राइव्हमध्ये म्हणे एक आख्खी सिस्टिम भरलेली असते. लॅपटॉपचा स्क्रीन काळा पडला, तो स्वतःच्या डोक्याने उठेना, की हा पेन ड्राइव्ह लावायचा आणि त्याला उसन्या डोक्याने उठवायचं. आतल्या फाइली जाग्यावर असतील तर तेवढ्यात बाहेर काढून घ्यायच्या. गोष्ट इतकी साधी आहे, पण मुकुंदराव ती साधी राहू देतील तर ना!

पूर्वी हा पेन ड्राइव्ह त्यांच्या खिशात असायचा. दोनदा तो शर्टाबरोबर धुतला गेला आणि एकदा इस्त्रीवाल्याकडून चपटा होऊन आला. तेव्हा त्यांनी तो जानव्यालाच अडकवला. दर श्रावणीला जानवं बदलतं, त्याच दिवशी आतली सिस्टिमही नवी भरली जाते. "जुनं जानवं आणि जुनी सिस्टिम अंगावर ठेवू नये," असं ते अगदी गंभीरपणे सांगतात. न्हाणीघराकडे जाताना जानवं कानावर चढतं आणि पेन ड्राइव्ह भिकबाळीसारखा लोंबत राहतो. हे ध्यान मला एकदा जेवायला बसल्या बसल्या समोरून पाहावं लागलं. त्या दिवशी श्रीखंड होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

आता जानव्याची लांबी ती केवढी! पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावायचा म्हणजे शर्टाची बटणं सोडायची, छाती टेबलाला भिडवायची आणि काम संपेपर्यंत तसंच बसायचं. दावणीला बांधल्यासारखे बसलेले असतात. मी एकदा म्हटलं, "अहो, मध्ये एक वायर लावा की. हातभर लांब बसता येईल."

"मध्ये वायर आली की भरवसा गेला, प्रोफेसर."

मी अर्थशास्त्र शिकवत असे म्हणून ते मला 'प्रोफेसर' म्हणतात. सूर मात्र दवाखान्यातल्या कंपाउंडरला हाक मारावी तसा असतो.

आमच्या एका भाचीच्या लग्नात कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर वधूवरांचे फोटो चालू होते. लॅपटॉप मध्येच काळा पडला. मुकुंदराव पंगतीतून उठले, हात धुऊन स्टेजवर गेले आणि सगळ्यांदेखत रेशमी कुडता गळ्यापर्यंत वर करून लॅपटॉपसमोर बसले. उघडं अंग, जानवं, तोंडाने पुटपुटणं. वरपक्षाला वाटलं, राहिलेला काही विधी आहे. एका वयस्कर बाईंनी समोर सुपारी आणि दक्षिणा ठेवून नमस्कारही केला. मुकुंदरावांनी मान न वळवता आशीर्वाद दिला आणि दक्षिणा ठेवून घेतली.

काळ्या स्क्रीनवर तर त्यांची प्रवचनंच असतात. कोणी फोन करून म्हणालं, "काका, स्क्रीन काळा झालाय," की यांचा पहिला प्रश्न, "काळा म्हणजे कुठला काळा?" काळ्याचे त्यांनी तीन प्रकार पाडले आहेत. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तो गेलेला काळा. पंखा फिरतो आणि तिरका टॉर्च मारला की स्क्रीनवर पुसट चित्र दिसतं, तो झोपलेला काळा. आणि सगळं चालू असून जो तोंड दाखवत नाही, तो रुसलेला काळा. ह्या तिसऱ्या प्रकारावर त्यांचा विशेष जीव आहे. दुसरा प्रश्न, "त्याआधी तुम्ही काय केलंत?" समोरचा म्हणतो, "काही नाही केलं." त्यावर मुकुंदराव, "असंच सगळे म्हणतात. येरवड्यात आत बसलेले सगळेसुद्धा हेच म्हणतात."

त्यांच्या वरच्या मजल्यावर एक आयटीतला तरुण राहतो. तो एकदा चुकून बोलून गेला, "काका, एवढी झटापट कशाला? फॉरमॅट मारायचा, नवीन सिस्टिम टाकायची, विषय संपला."

"तुमच्याकडे कोणाच्या पोटात दुखलं की माणूस नवा आणतात का?" मुकुंदरावांनी विचारलं. तो तरुण आता लिफ्टमध्ये ते दिसले की जिन्याने जातो.

तर असा हा मनुष्य. एवढा कच्चा माल घरच्या घरी मिळाल्यावर मी लिहिलं नसतं तरच नवल. दिवाळी अंकासाठी मी मुकुंदरावांवर एक खरपूस लेख लिहिला. त्यांचं नाक, कान, जानवं, प्रवचनं, काही म्हणजे काही सोडलं नाही. लेख मेलवर ठेवला नव्हता, कारण आमच्या घरी मेल शुभा बघते, म्हणजे माझी बायको, आणि तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल मी काय लिहितो हे तिने अंक छापून यायच्या आत वाचणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून तो लॅपटॉपमध्येच 'किरकोळ' नावाच्या फोल्डरमध्ये दडवला होता. सोमवारी सकाळी संपादकांना द्यायचा होता.

शनिवारी लॅपटॉप काळा पडला.

दुकानदार म्हणाला, चार दिवस ठेवून जा, आतलं राहील याची खात्री नाही. संपादकांनी सांगितलं, सोमवारी लेख आला नाही तर त्या पानांवर साबणाची जाहिरात जाईल. दोन महिने घासूनपुसून लिहिलेला लेख जाणार होता, आणि तो वाचवू शकेल असा सबंध पुण्यात मला ठाऊक असलेला एकच माणूस होता. म्हणजे ज्याची हजामत केली, त्याच्याचकडे हरवलेला वस्तरा शोधून मागायची वेळ. रविवारी सकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन येरवड्याच्या आमच्या घरून रिक्षा केली. स्वारगेटच्या गर्दीत मी एकच जप करत होतो, फाइल मिळू दे आणि ह्यांना वाचू देऊ नकोस.

बिबवेवाडीला मुकुंदरावांनी दार उघडलं. ताई, म्हणजे शुभाची बहीण, तिकडे वाकडला लेकीच्या घरी, नातवाला सांभाळायला. सोमवार ते शनिवार असं ठरलं होतं, पुढे रविवारही तिकडेच जाऊ लागला.

"काळा म्हणजे कुठला काळा?" दारातच प्रश्न.

"तुमचा तिसरा."

मग त्यांनी कीबोर्डला कान लावला, टॉर्च मारला, दिवे पाहिले. "आधी काय केलंत?"

"काही नाही. तो काहीतरी अपडेट करत होता..."

"आणि 'बंद करू नका' असं लिहून आलं असेल."

"आलं होतं."

"मग?"

"बंद केला."

"कॉलेजात मुलांना वाचायला शिकवलंत, स्वतः शिकायचं राहून गेलं."

शर्टाची बटणं सुटली, छाती टेबलाला टेकली, पेन ड्राइव्ह लागला. बटण दाबून त्यांनी एकाच कळीवर टकटक सुरू केली. काळ्या स्क्रीनवर आधी पांढरी अक्षरं धावली आणि मग छान निळा स्क्रीन उजळला. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते वाकलेले असल्यामुळे पाय सापडले नसते.

"काय काय काढायचंय? नावं सांगा. सगळं उचलायला मी हमाल नाही."

"फार काही नाही. एक फोल्डर आहे. किरकोळ."

"नाव?"

"किरकोळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किरकोळ वाचवायला मला उघडा बसवलंत?"

माझा रिकामा पेन ड्राइव्ह मी दुसऱ्या बाजूला लावला. आता यांना इथून उठवलं की काम झालं. म्हटलं, "मी बसतो इथे. तुम्ही जरा चहाचं बघा."

"कसा बघू? लॅपटॉप घेऊन ओट्याशी जाऊ? चालू असताना हा हलला तर तुमचं किरकोळ गेलं समजा. मी बांधलेला आहे. चहा तुम्ही करा."

स्वयंपाकघरात गेलो. ताईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले डबे होते, पण रव्याच्या डब्यात चहा आणि पोह्यांच्या डब्यात औषधं. साखर सापडेपर्यंत दूध उतू गेलं. ओट्यावर एकच कप पालथा घातलेला. दुसरा वरच्या फळीवर होता. स्टूल घेऊन काढला तर आत धूळ बसलेली. तो धूत असताना बाहेरून फुर्रकन आवाज आला. आधी वाटलं, लॅपटॉपचा पंखा. मग पुन्हा आला. मुकुंदराव हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

कप घेऊन बाहेर आलो. लेख स्क्रीनवर उघडा होता आणि त्यांचं नाक त्यातल्या नाकावरच्या परिच्छेदापासून वीतभर अंतरावर.

"फोल्डरात एकच फाइल होती," ते म्हणाले. "नीट उतरली की नाही ते उघडून बघावं लागतं. तसा नियम आहे."

मी कप टेबलावर ठेवले.

"चुका आहेत. 'पेन ड्राइव्ह खुपसतो' असं लिहिलंत. मी खुपसत नाही, लावतो. नाकाचं ठीक आहे, नाक आहेच. आणि लग्नातली दक्षिणा मी परत केली होती, ते तुम्ही पाहिलं नसेल. तुमचं लक्ष पंगतीकडे होतं." मग थोडा वेळ ते स्क्रीन वरखाली करत राहिले. पुढचं बोलले तेव्हा आवाजात तो कंपाउंडरवाला सूर नव्हता. "ह्यात तुम्ही लिहिलंय, रविवारी मुकुंदरावांच्या दारात चपला मावत नाहीत."

"ते जरा वाढवून लिहिलंय. विनोदात चालतं."

"वाढवून नाही हो. होतंच तसं पूर्वी. आता कोणी येत नाही. लॅपटॉप काळा पडला की नवा घेतात. फोटो फोनमध्ये, नाहीतर वर कुठंतरी आपोआप साठवलेले. लोकांचं काही बुडतच नाही आता. चांगलंच आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "गेल्या दिवाळीनंतर तुम्हीच पहिले. पण मी रोज अंघोळ झाली की लावून बघतो, चालतोय ना म्हणून."

मला एकदम फार वाईट वाटलं. साडूबद्दल वाईट वाटायची सवय नसल्यामुळे घाईने चहाचा घोट घेऊन जीभ तेवढी भाजून घेतली. मग म्हणालो, "ते वाक्य काढून टाकतो मी."

"छे, काढू नका! बाकी काय हवं ते छापा. नाक छापा, कान छापा. ते तेवढं राहू द्या. ही अंक वाचेल वाकडला. तिला वाटेल, इकडे बरी वर्दळ आहे."

त्यांनी पेन ड्राइव्ह काढला, जानवं आत सारलं आणि बटणं लावायला घेतली. मी दुसऱ्या चहाचं आधण ठेवायला उठलो.

सोमवारी सकाळी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत माझा पेन ड्राइव्ह लावून लेख पाठवला. पाठवण्यापूर्वी एकच दुरुस्ती केली. त्या वाक्यात चपलांच्या शेजारी काही बूट घातले, बायकांच्या कोल्हापुरी घातल्या आणि अगदी कडेला एका लहान मुलाचे सँडल.