राज्याभिषेकाची अर्धी गवसणी

भीती ही अपुऱ्या माहितीची अवस्था आहे, असे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले. माहिती पुरी करा, भीती आपोआप नाहीशी होते! निवृत्त झालेला पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून या विधानावर माझी इतकी श्रद्धा होती की, आमच्या ऑल्डकोमच्या चर्चमध्ये राज्याभिषेकाच्या दिवशी घंटा वाजवायला एक माणूस कमी पडतो आहे असे पत्नीने सांगितले, तेव्हा मी चहाचा कप खाली न ठेवताच म्हणालो, "रोझलिंड, घंटा म्हणजे उलटा टांगलेला लोलक. मला जमेल!"

"तुझा राजावर विश्वास नाही ना?"

"माझा गुरुत्वाकर्षणावर आहे."

इथे राजाविषयी माझे मत नोंदवून ठेवतो. माझे मत नाही. राजा असल्याने देशाचे भले होते याचा पुरावा मी पाहिलेला नाही. नसल्याने भले होते याचाही पाहिलेला नाही. ही भूमिका शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे आणि तिच्यामुळे गावात माझ्याशी दोन्ही बाजू भांडतात.

घंटाघराची सूत्रे एनिड थॅकवेल यांच्याकडे होती. वय चौऱ्याऐंशी, गुडघे निकामी, आवाज मात्र परेडच्या मैदानावरचा! मागच्या राज्याभिषेकाला त्या चौदा वर्षांच्या होत्या. तेव्हा आमच्या चर्चमध्ये मुलींना दोराला हात लावू देत नसत. बाईंनी सगळे घंटावादन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकले होते.

"सत्तर वर्षं थांबलेय मी, डेस्मंड," त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या. "आता मुकुट डोक्यावर टेकला की सहाही घंटा वाजतील आणि त्यातली पहिली माझी असेल. पुढच्या राज्याभिषेकाला मी नसणार. घोळ घातलास तर तूही नसशील!"

मग त्यांनी मला सगळ्यांत मोठ्या घंटेपाशी उभे केले. वजन एका मोटारगाडीइतके. दर टोल्याला ही गाडी तोंड वर करून क्षणभर उभी राहते आणि मग पूर्ण गिरकी घेऊन खाली येते. ती पलीकडे कलंडू नये म्हणून वर ॲश लाकडाचा एक दांडा असतो.

"आणि घंटा जोरात गेली तर?" मी विचारले.

"दांडा मोडतो."

"मग?"

"मग दोर वर जातो. सोडला नाहीस तर तूही जातोस. आमच्या एका उपधर्मगुरूंनी नाही सोडला." बाईंनी छताकडे पाहिले. मीही पाहिले. तिथे एक डाग होता! तो ओलीचा असावा, हे मी स्वतःला अनेकदा समजावले.

अशा रीतीने माहिती पुरी झाली आणि माझी झोप उडाली.

मला भीती वाटते हे उघड होऊ नये, म्हणून मी सराव दुप्पट केला. त्यावर गावाची तक्रार आली. तेव्हा माझ्या घंटेच्या आतल्या, टोला देणाऱ्या लोलकाला चामड्याची गवसणी घालण्यात आली, म्हणजे आवाज दबतो. एरवी ही गवसणी घालतात ती दुखवट्याला. राणी गेली तेव्हा सगळ्या घंटांना घातली होती. बाईंचे गुडघे वर चढू देत नसल्याने, राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी ती काढायला मला पाठवण्यात आले.

वर अंधार होता. कबुतरे होती. डोक्यावर सहा धातूचे राक्षस तोंडे खाली करून लटकत होते. मी चाचपत हात घातला, बक्कल सापडले, गवसणी सुटली, ती काखेत मारून मी शिडीवरून अशा वेगाने उतरलो की शेवटच्या पायऱ्यांचा काही उपयोगच झाला नाही.

"काढली?" खालून बाई.

"काढली!" मी.

हे विधान खरे होते. अपुरे होते, हे दुसऱ्या दिवशी कळले.

राज्याभिषेकाच्या दिवशी अपेक्षेप्रमाणे पाऊस पडत होता. हिरवळीवर तंबूखाली राजवाड्याने या दिवसासाठी सुचवलेली कीश नावाची अंड्याची खारी पाई, सॉसेज रोल, ओल्या कागदी पताका, गावचा बँड आणि लंडनचा सोहळा दाखवणारा मोठा पडदा, अशी सिद्धता होती. चर्चच्या दारातच दंतवैद्य कॉलिन ट्रेव्हिस पिवळा सदरा घालून उभा होता. सदऱ्यावर लिहिले होते, 'माझा राजा नव्हे'. हातात मात्र कीश होती.

"एनिडबाई, तुम्हीच सांगा!" तो म्हणाला. "बाप राजा म्हणून मुलगा राजा? हा काय न्याय झाला? उद्या बाप दंतवैद्य म्हणून मुलगा दंतवैद्य!"

"तुझे वडील काय करायचे रे?"

कॉलिनने घास गिळला. "दंतवैद्य होते. पण मी परीक्षा दिली!"

"तोही सत्तर वर्षं परीक्षाच देत होता. निकाल आज लागला."

"अहो, पण तो करतो काय?"

"काही करत नाही. मत देत नाही, चिडत नाही, वैतागला तरी हात हलवतो. तू एक दिवस करून दाखव!"

कॉलिन माझ्याकडे वळला. "डेस्मंड, तू तरी बोल! शास्त्रज्ञ ना तू?"

मी मनात छतावरच्या डागाचा आकार मोजत होतो.

घंटाघरात आम्ही सहा जण गोल उभे राहिलो, रोझलिंड चौथ्या घंटेपाशी. कोपऱ्यात रेडिओ लावला होता. एनिडबाईंनी दोर धरला आणि कान रेडिओकडे लावले. मी दोर धरला आणि छताकडे पाहिले. रेडिओवर आरोळी उठली, मुकुट टेकला! बाई ओरडल्या, "चला!" आणि सत्तर वर्षे अडलेली पहिली घंटा वाजली. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी... आणि माझी!

ठण्ण! मला धन्य वाटले. गिरकी परत आली.

ठ्ठुंऽऽम.

हा आवाज खोल विहिरीत पडलेल्या माणसाच्या उसाशासारखा होता. पाचही जणांनी माझ्याकडे पाहिले. पुन्हा ठण्ण! पुन्हा ठ्ठुंऽऽम.

"गवसणी!" बाई किंचाळल्या. "अरे गाढवा, तिला दोन भाग असतात! लोलकाच्या दोन्ही बाजूंना! एकच काढलास?"

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे.

"थांबा!" बाईंनी हुकूम दिला. पाच घंटा शिस्तीत थांबल्या. माझी थांबली नाही. घंटा थांबवायची तर ती बरोबर तोल साधेल इतकीच वर जाऊ द्यायची. कमी गेली तर परत येते, जास्त गेली तर दांडा मोडतो आणि डागांची संख्या वाढते. मी कमीच जाऊ दिली. पुन्हा कमीच जाऊ दिली.

ठण्ण! ठ्ठुंऽऽम.

"थांबव ना, डेस्मंड!" रोझलिंड ओरडली.

"कसं?"

"मग दोर सोड!"

"सोडला तर?"

"तर काही नाही, सोड!"

पण हात ऐकेनात. बोटे दोराला लिंपून टाकल्यासारखी चिकटली होती. एकटी, मोठी, अर्धी दबलेली घंटा संथपणे ऑल्डकोमच्या खोऱ्यावर टोले देत राहिली. नेमके तेच टोले, जे माणूस गेल्यावर देतात. बाहेर वाजणारा बँड अचानक थांबला. त्या शांततेची मला घंटेपेक्षाही धास्ती वाटली.

जिन्यावर पावले धडधडली. कॉलिन आत आला. निथळत होता, पांढराफटक पडला होता आणि पिवळ्या सदऱ्यावर त्याने कोणाचा तरी रेनकोट गळ्यापर्यंत बंद केला होता.

"कसा गेला?"

"कोण?"

"राजा! पावसानं पडदा बंद पडला. मुकुट डोक्याजवळ आला, आणि अंधार! आणि मग ही घंटा! सगळे म्हणताहेत मान... एवढा जड मुकुट, त्या वयाची मान! मला त्याची नोकरी जायला हवी होती रे, तो नव्हे!"

ठण्ण! ठ्ठुंऽऽम.

"बघा, अजून वाजतेच आहे!" कॉलिनने डोळे पुसले. "झेंडा अर्ध्यावर आणलाय. कीश झाकून ठेवलीय. मोबाइल लागत नाही कोणाचा. माझी बायको म्हणते, तुझ्या सदऱ्यानं गेला!"

"जिवंत आहे तो!" एनिडबाई गरजल्या. "रेडिओ ऐक! मेलेला नाही, आणि डेस्मंडच्या हातून मरणारही नाही!" मग त्या गुडघ्यांना न विचारता माझ्या मागे आल्या, माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "मलाही छत दिसतं रे, रोज दिसतं. आता माझ्याबरोबर ओढ... जाऊ दे वर... अजून थोडं... सोड!"

मी डोळे मिटून सोडला. वर कुठेतरी लाकूड कुरकुरले. घंटा उभी राहिली. दांडा शाबूत होता आणि मी जमिनीवर होतो, बसलेल्या अवस्थेत.

कॉलिन जिन्यावरून ओरडत उतरला, "जिवंत आहे! राजा जिवंत आहे!" आणि हिरवळीवरून असा जल्लोष उठला की तसा लंडनमध्येही उठला नसावा. आपल्याला राजा हवा आहे की नको हे ज्यांनी कधी ठरवले नव्हते, तेही छत्र्या फेकत होते. यावरून राजेशाहीच्या उपयुक्ततेविषयी काही सिद्ध होते का, यावर मी अद्याप विचार करतो आहे. लोकांना राजा प्रिय आहे, की केवळ मरण अप्रिय आहे, हे या प्रयोगातून वेगळे करता येत नाही.

"पाच तर पाच!" बाई म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या दोराशी गेल्या. मला दरवाजा धरून उभे राहण्याचे काम मिळाले. ते मी निर्दोष पार पाडले. पाच घंटा तासभर वाजल्या. एनिडबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि त्यांचा एकही टोला चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवून पाव आणायला गेलो, तर लोक माझा हात हातात घेऊ लागले! नव्या राजाच्या जयघोषाआधी दिवंगत राणीसाठी दुखवट्याचे टोले, किती हृद्य कल्पना! धर्मगुरूंनी प्रवचनातही तसेच सांगितले. मी खुलासा करायला उभा राहिलो. रोझलिंडने मला कोटाला धरून खाली बसवले.

एनिडबाईंनी मात्र मला सोडले नाही. "आनंदाच्या घंटांना तू पुन्हा शिवायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "पण मयताला तुझ्यासारखं कोणी वाजवत नाही. घाबरलेल्या हाताचा टोला फार दुःखी पडतो."

तेव्हापासून गावातल्या अंत्यविधींना मीच असतो. काही मंडळींनी तर आपल्यासाठी मला आधीच सांगून ठेवले आहे. त्यातले एक गृहस्थ अजून ठणठणीत आहेत. पण मी समोरून येताना दिसलो की ते रस्ता ओलांडतात!