मांडवासमोरची खोली

हॉटेल निवडावं तर ते मीच, असं त्या संध्याकाळपर्यंत मी छातीठोकपणे सांगत असे.

कीर्तनाचा नाद मला लावला तो माझ्या आत्यानं. लहानपणी झोप आली तरी तिच्या मांडीवर, पण मांडवातच झोपायचं! तिचे आवडते बुवा आता थकले होते आणि मोठ्या शहरातल्या मैदानावर शेवटचं कीर्तन करणार होते. आत्याची कंबर तिला गर्दीत बसू देईना. "तो आवाज एकदा कानात साठवू दे, मग माझं काही मागणं नाही," ती म्हणाली, आणि मी पेटलो.

मांडवात मागे एक खुर्ची मागून घ्या, एवढंच बायकोचं म्हणणं. मी हसलो. लेकीला स्थळं बघावीत तशी शहरातली हॉटेलं मोबाईलवर न्याहाळली आणि मैदानाला खेटून असलेलं सगळ्यांत भारी हॉटेल पक्कं केलं. खिडकी थेट मांडवावर! आत्यानं गादीवर टेकायचं, खिडकी उघडायची, कीर्तन ऐकायचं.

इथवर पूर्वरंग.

खोली इतकी झकपक, की आत्यानं चपला दाराबाहेर काढल्या. त्या कुणीतरी अदबीनं उचलून नेल्या. खाली बुवा उभे राहिले. मी ऐटीत खिडकीकडे गेलो. तिला कडी नव्हती, बिजागरीही नव्हती. भिंतभर एकच काच. बुवांचे ओठ हलत होते, टाळकऱ्यांचे हात हलत होते आणि खोलीत फक्त एसीची घरघर.

बोलावल्यावर एक टायवाला आला. "ही उघडत नाही, सर. बाहेर तोफ डागली तरी तुमची झोप मोडणार नाही," तो अभिमानानं म्हणाला. लोक खास त्यासाठीच येतात म्हणे.

आत्याला खाली न्यावं, तर चपला पॉलिशला गेलेल्या. रबरी चपला! मग मी ठरवलं, आपण मांडवात जाऊन तिला फोनवर ऐकवायचं. तिचा मोबाईल प्रवासात गळाठला होता, तो चार्जिंगला लावलेलाच होता. दाराजवळच्या खाचेतून किल्लीचं कार्ड उपसलं आणि धावलो. मांडवातून फोन लावला, तिचा "हॅलो" ऐकला आणि फोन डोक्यावर धरून उभा राहिलो. मागचे लोक हात खाली घ्या म्हणून करवादत होते. मी ढिम्म हललो नाही.

कीर्तन संपल्यावर लढाई जिंकल्यासारखा वर आलो, तर खोलीत काळोख. कार्ड काढलं की खोलीची वीज जाते, हे मला कुठलं ठाऊक! आत्याचा फोन त्या "हॅलो"पाठोपाठच मेला होता. ती काचेला कपाळ टेकून उभी होती.

"ऐकू आलं?" मी तरीही विचारलं.

"दिसलं की. बुवांनी दोन्ही हात वर नेले ना, तिथं ते नेहमी रडवतात. मी रडून घेतलं."

मांडवात उभं राहून मीही काही ऐकलं नव्हतं. सारं लक्ष फोन सरळ धरण्यात. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"खोली फार चांगली बघितलीस हो," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मात्र जरा वाईट बघ."

पुढची वेळ नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी मान डोलावली.

सकाळी चपला परत आल्या. आरशासारख्या लखलखत होत्या.