नदीकाठी जिवंत जलपरी

"पाट्यांवरचे कागद संध्याकाळी पाचलाच निघतील. त्याआधी कुणालाही हात लावू द्यायचा नाही," रमाकांत दिघे पोह्यांची बशी बाजूला सारत म्हणाले.

"कोण कशाला हात लावतंय? पाट्याच आहेत ना, नवरी थोडीच आहे," अहल्याबाई म्हणाल्या. "आधी पोहे खा. गार होतायत."

रमाकांतरावांनी पोहे खाल्ले, पण लक्ष नकाशात. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर दांडिया बाजारातल्या घरात बसून त्यांनी एकच नकाशा पुन्हा पुन्हा काढला होता: विश्वामित्रीच्या काठाने, मेळ्याच्या मैदानाला लागून जाणाऱ्या पायवाटेचा. नदी आणि मैदान यांच्यामध्ये किलोमीटरभर लांबीची पट्टी होती. तिथे वर्षानुवर्षं मेळ्याचे ट्रक उभे राहायचे, जनरेटर धडधडायचे आणि उरलेल्या जागेत कचरा पडायचा. चार वर्षं अर्ज करून, मंडळ काढून, नऊ सभासद गोळा करून रमाकांतरावांनी ती पट्टी मोकळी करून घेतली होती. मुरूम घालून वाट झाली, कडुनिंबाची आणि करंजाची रोपं लागली, बाकं आली, नदीच्या बाजूला कठडाही झाला.

फक्त माणसं आली नाहीत. वाट तयार होऊन तीन आठवडे झाले, तरी तिच्यावर रोज चालायचे ते एकटे रमाकांतराव. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, ही मेळेवाल्यांची मागची बाजू असणार. आणि मेळ्याचे मालक विश्रामभाई कुंपणापलीकडून रोज विचारायचे, "काका, तुमच्या वाटेवर आज किती माणूस? तुम्ही धरून एक ने?"

महापालिकेच्या उद्यान खात्यातल्या निरुपमाबेन यांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, "महिनाभर बघते. लोक आले तर वाट राहील. नाही आले तर विश्रामभाईंचा ट्रकसाठी अर्ज आहेच."

म्हणून पाट्या. दांडिया बाजारातल्या मानसिंगराव पेंटरकडे रमाकांतरावांनी बारा पाट्या रंगवायला दिल्या होत्या. हिरवी जमीन, पांढरी अक्षरं, मजकूर गुजरातीत. खांबांना एक ते बारा आकडे, पाट्यांच्या पाठीवर एक ते बारा आकडे. मजुरांनी वाचायची गरजच नाही, आकड्याला आकडा जुळवायचा आणि नट आवळायचे. वर कागद तसेच ठेवायचे, कारण अनावरण व्हायचं होतं. मानसिंगरावांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी हातातलं दुसरं कामही तसंच करून टाकलं. ते दुसरं काम कुणाचं, हे विचारायचं रमाकांतरावांना सुचलं नाही.

संध्याकाळी पाचला तीस खुर्च्या मांडलेल्या होत्या. नऊ सभासद, त्यांच्यापैकी पाचांच्या बायका आणि डायरी घेऊन बसलेल्या निरुपमाबेन एवढी मंडळी हजर होती. प्रमुख पाहुण्यांचा मात्र पत्ता नव्हता. तात्यासाहेब म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक; मंडळातल्या सहाजणांना त्यांनी छड्या मारल्या होत्या. पाच वाजून दहा मिनिटांनी रमाकांतरावांनी त्यांना फोन लावला.

"तात्यासाहेब, कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? केव्हाचा येऊन बसलोय," तात्यासाहेब फोनवर ओरडत होते. "पाटी चांगली लावलीस हो. 'ज्येष्ठ नागरिकांसाठी शांत विसावा.' फक्त जिने फार आहेत. आणि एक फटफटी..."

पुढचं एका प्रचंड घरघराटात बुडालं आणि फोन बंद झाला.

रमाकांतरावांनी समोर पाहिलं. शांत विसाव्याची पाटी चार नंबरची. चार नंबरच्या खांबावरचा कागद जसाच्या तसा होता. मग तात्यासाहेबांनी वाचलं काय? पण निरुपमाबेन घड्याळ बघत होत्या.

"वय झालं त्यांचं," रमाकांतराव हळूच म्हणाले. "अहल्या, तूच कापून टाक रिबन."

अहल्याबाईंनी रिबन कापली. टाळ्या झाल्या. दोन मजुरांनी एक नंबरच्या पाटीवरचा कागद ओढून काढला आणि सगळ्यांनी मिळून वाचलं: 'तिकिटाशिवाय आत येऊ नये. खिसेकापूंपासून सावध राहा.'

टाळ्या थांबल्या. मजूर मात्र कामाला लागले होते. त्यांना वाचायचं नाही असंच सांगितलेलं होतं. भराभर कागद निघत गेले. चार नंबर: 'मौत का कुआँ! कमजोर दिलवाल्यांनी वर येऊ नये.' त्या पाटीखाली एक बाक होतं आणि बाकाशेजारी सोनचाफ्याचं रोप. सात नंबर, कठड्यापाशी, बाण थेट नदीकडे: 'जिवंत जलपरी! अर्धी बाई, अर्धी मासोळी! जवळ येऊन पाहा!' नऊ नंबर, जिथे बगळ्यांची झाडं होती तिथे: 'ओरडा! मोठ्याने ओरडा! पोटातली भीती बाहेर काढा!'

निरुपमाबेननी डायरी उघडली, पुन्हा मिटली.

"रमाकांतभाई, हे तुमच्या अर्जात नव्हतं."

रमाकांतरावांनी मानसिंगरावांना फोन लावला.

"पाट्या कशा झाल्यात?" मानसिंगरावांनी आनंदाने विचारलं.

"मानसिंगराव, दुसरं काम कुणाचं होतं?"

"मेळ्याचं. विश्रामभाईंचं. त्यांच्याही बाराच पाट्या. हिरवा रंग उरला होता, म्हटलं वाया कशाला घालवा. दोन्ही गठ्ठे एकाच टेम्पोत पाठवले ने. वर खडूने लिहिलं होतं, एकावर नदी, एकावर मेळा." मग त्यांचा आवाज उतरला. "टेम्पोवाला म्हणत होता खरा, की धूळ फार बसली होती, ओल्या फडक्याने सगळं पुसून घेतलं."

तोवर कुंपणापलीकडे गडबड सुरू झाली होती. मेळ्यात जलपरीच्या तंबूबाहेर आज नवीन पाटी लागली होती: 'सावधान! येथे मगरी आहेत. पाण्याजवळ जाऊ नये.' त्यामुळे दुपारपासून त्या तंबूच्या आत कुणी गेलं नव्हतं. पण तंबूसमोर उभ्या असलेल्या एका बाईंना कुंपणाच्या फटीतून सात नंबरची पाटी दिसली आणि त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, जलपरी इकडे नाही, तिकडे नदीत नेलीय! खऱ्या पाण्यात!"

पाच मिनिटांत शंभर माणसं वाटेवर आली. पाठोपाठ आणखी शंभर. रमाकांतराव हात पसरून पुढे गेले.

"अहो, थांबा! इथे जलपरी नाही!"

"तिकीट कुठे काढायचं, काका?"

"तिकीट नाही. ही पायवाट आहे. फिरायला."

"फुकट आहे?" त्या माणसाने संशयाने बायकोकडे पाहिलं. "मग खोटी असणार. चल, आलोच आहोत तर बघून घेऊ."

माणसं कठड्याला ओळीने उभी राहिली. एकदा उभी राहिल्यावर नदी बघण्यावाचून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. थंडीचे दिवस होते, पलीकडच्या काठावर उन्हाची शेवटची पट्टी होती. त्या पट्टीत एक चिखलाचा ओंडका पडलेला होता. ओंडक्याने तोंड उघडलं.

"ही?" एकाने विचारलं.

"मेकअप उतरवलाय," त्याच्या बायकोने निर्वाळा दिला.

मगरीने सावकाश अंग उचललं आणि आवाज न करता ती पाण्यात शिरली. कठड्यावरच्या दोनशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. निरुपमाबेनही खुर्ची सोडून कठड्याशी आल्या होत्या. मग लोक पुढे सरकले, कारण मागून आणखी लोक येत होते. नऊ नंबरला पोचल्यावर त्यांनी पाटी वाचली आणि सांगितल्याप्रमाणे ओरडले. झाडांवरून सगळे बगळे एका वेळी उडाले, नदीवर एक गोल फेरी घालून परत येऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रमाकांतरावांनी डोळे मिटून घेतले.

ते उघडले तेव्हा समोर विश्रामभाई उभे होते. जनरेटरचा भाग आणायला ते सकाळपासून पादरा गावी गेले होते. पाट्या त्यांच्या माणसांनी नंबर जुळवून लावल्या होत्या. त्यांच्या शेजारी शेपूट हातात धरून जलपरी उभी होती.

"काका, हे काय केलंत?" विश्रामभाई म्हणाले. "माझ्या गेटवर लिहिलंय, प्रवेश सर्वांना खुला. सगळं गाव तिकिटाशिवाय आत बसलंय! आणि माझा पाळणा बघायला चला. बारा डबे माणसांनी भरलेले, वर जातायत, खाली येतायत आणि एक जण आवाज करत नाही. तोंडावर हात ठेवून बसलेत सगळे. का? तर पाटीवर लिहिलंय, शांतता राखा, पक्षी विसावा घेत आहेत! तीस वर्षांत मी असा पाळणा नाही पाहिला. मला भीती वाटली."

"आणि माझ्या तंबूत डोकावून एक बाई म्हणाली, मगर लहानच आहे," जलपरी म्हणाली. "मी मगर दिसते का?"

"नाही, नाही," रमाकांतराव घाईघाईने म्हणाले. एवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "विश्रामभाई, तुमच्याकडे चार नंबरला काय असतं?"

"मौत का कुआँ."

दोघेही धावतच निघाले. लाकडी विहिरीच्या वरच्या सज्जात, कठड्याला काठी अडकवून तात्यासाहेब बसले होते. आजूबाजूला त्यांच्याच वयाचे आणखी पाच-सहा जण होते; तेही पाटी वाचून जिने चढले होते. खाली मोटारसायकल भिंतीवरून गरगरत होती आणि तात्यासाहेब मान गोल गोल फिरवत होते.

"तात्यासाहेब, चला. उद्घाटन होऊन गेलं. चुकीची पाटी लागली होती."

"माहीत आहे मला," तात्यासाहेब खाली खिळलेली नजर न काढता म्हणाले. "मी म्हातारा झालोय, बावळट नाही. तुझ्या बाकावर बसून काय बघणार होतो? मांडीवरची शाल? बस खाली. हा पोरगा आता हात सोडून चालवणार आहे."

रमाकांतराव त्यांच्या शेजारी बसले.

निरुपमाबेननी जाताना त्यांना गाठलं. "तीनशे बारापर्यंत मोजले. पुढे सोडून दिलं," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू का, रमाकांतभाई, ही माणसं जलपरीसाठी आली होती. हे मी रिपोर्टात लिहू शकत नाही. उद्या सकाळी सातला येते. मेळा बंद असेल. तेव्हा जे येतील तेच खरे."

त्या रात्री रमाकांतरावांचं जेवणात लक्ष नव्हतं. "सकाळी सातला कोण येणार?" ते म्हणाले. "चार वर्षं गेली, अहल्या. परत ट्रक उभे राहतील."

"मी येते की," अहल्याबाई म्हणाल्या. "एवढे दिवस तुम्ही विचारलंच नाही मला. नकाशे तेवढे दाखवलेत."

रमाकांतरावांनी घड्याळाला पाचचा गजर लावला.

सकाळी सहालाच ते पाना घेऊन वाटेवर पोचले. अहल्याबाई स्वेटर घालून, पदर खोचून बरोबर होत्या. कुंपणापलीकडून विश्रामभाई आले. त्यांच्याही हातात पाना. इकडचे नट सुटले, तिकडचे सुटले, आणि अर्ध्या तासात चोवीस पाट्या गवतावर उताण्या पडल्या. आता कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

निरुपमाबेन सातला पाच मिनिटं कमी असताना आल्या. आज त्यांनी पायात बूट घातले होते. त्या बाकावर डायरी घेऊन बसल्या. सात वाजले. सव्वासात झाले. नदीवर धुकं होतं आणि वाट रिकामी होती. रमाकांतराव पाट्या मोजत राहिले, जशा काही त्या आता तेवीस निघणार होत्या.

मग कालचा तो संशयी माणूस आणि त्याची बायको आली.

"काका, ती बसलीय का तिकडे आज?" बाईंनी विचारलं.

"जलपरी? अहो, ती मेळ्यात..."

"जलपरी कसली. मगर. सासूबाईंना दाखवायचीय." मागून सासूबाई येत होत्या. सासूबाईंच्या मागून त्यांच्या सोसायटीतल्या चौघी. त्यांच्यामागे कानटोपी घातलेले दोन गृहस्थ, एक डॉक्टरीणबाई, पाळणा चालवणारा मेळ्यातलाच एक माणूस दात घासत घासत, आणि रिक्षातून उतरलेले तात्यासाहेब. एकानेही वाट विचारली नाही. गवतावर पडलेल्या पाट्यांना वळसा घालून माणसं सरळ चालायला लागली.

निरुपमाबेननी सेहेचाळीसपर्यंत आकडा लिहिला. मग डायरी पर्समध्ये टाकली आणि त्या अहल्याबाईंच्या बरोबरीने पुढे निघून गेल्या. दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं आणि त्यात वाटेचा विषय नव्हता, हे लांबूनही कळत होतं.

रमाकांतरावांनी सात नंबरची मगरीची पाटी तेवढी उचलली आणि कठड्यावर पक्की आवळली. उरलेल्या अकरांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"या लावायच्या नाहीत, काका?" विश्रामभाईंनी विचारलं.

"कशाला?" रमाकांतराव म्हणाले.

विश्रामभाईंनी पाना खिशात घातला. "तीस वर्षं या मैदानावर मेळा लावतो," ते म्हणाले. "नदी इतकी जवळ आहे हे माहीतच नव्हतं. मध्ये आपलेच ट्रक."

"चला," रमाकांतराव म्हणाले.

दोघे चालायला लागले. करंजांच्या जवळून, बगळ्यांच्या झाडांखालून, टोकापर्यंत. टोकाला वाट संपत होती आणि समोर नुसता झाडोरा होता. विश्रामभाईंनी आजूबाजूला पाहिलं.

"हवे? आता काय?"

"आता परत जायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

विश्रामभाईंनी कमरेवर हात ठेवून नदीकडे पाहिलं. धुकं वर चढत होतं. पैसे घेऊन लोकांना काय काय दाखवायचं यात त्यांची हयात गेली होती, आणि इथे तर दाखवण्यासारखं काही केलेलंच नव्हतं.

"ट्रक पलीकडच्या रस्त्यावर लावतो," ते अखेर म्हणाले. "पण काका, आणखी एक चक्कर मारू. या खेपेला जरा सावकाश."