सर ऑगस्टस आणि गायरान

सात समुद्रांपलीकडच्या एका जंगलात, जिथे सूर्यसुद्धा परवानगी घेतल्यासारखा उगवतो, सर ऑगस्टस नावाचा एक बारशिंगा राहत असे. मुलांनो, त्याने आयुष्यात एकच कष्टाचं काम केलं. तो जन्माला आला. बाकी सगळं वडिलांनी करून ठेवलं होतं.

वडिलांनी त्याच्यासाठी निम्मं जंगल ठेवलं. उरलेल्या निम्म्यात दलदल होती, दगड होते आणि मधोमध एक हिरवंगार गायरान होतं. तिथे ससे पिढ्यान् पिढ्या चरत. ते कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. सर ऑगस्टसला पडला.

तो जंगलाच्या सभेवर निवडून गेला. निवडणूक अगदी न्यायाने झाली. शिंगं असलेल्या प्रत्येकाला मत होतं. त्या भागात शिंगं फक्त त्याला आणि त्याच्या दोन चुलतभावांना होती.

सभेत तो म्हणाला, "गायरानाची फार आबाळ होते आहे. ते माझ्याकडे द्यावं."

एका म्हाताऱ्या रानबैलाने डोळे उघडून विचारलं, "पण तिथे ससे राहतात ना?"

"राहतात. पण ते कुणाचं म्हणून विचारलं, तर सगळ्यांचं म्हणतात."

"मग?"

"जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही."

रानबैलाला हे पटलं. त्याच्याही शेजारी एक गायरान होतं. कायदा दुपारच्या जेवणाआधी मंजूर झाला.

गायरानाभोवती काटेरी कुंपण उभं राहिलं. दुसऱ्याच दिवशी मार्था नावाची सशीण आत चरताना सापडली. तिचा नवरा वारला होता आणि बिळात चार पिल्लं होती. कुंपणावर पहारा देणाऱ्या कुत्र्यांनी तिला न्यायाधीशापुढे उभं केलं. न्यायाधीश सर ऑगस्टसच होता. एवढा विद्वान दुसरा आणायचा कुठून?

"हे गवत कुणाचं?" त्याने विचारलं.

"काल आमचं होतं, सरकार."

"आणि आज?"

मार्थाने कुंपणाकडे पाहिलं. "आज सरकारांचं म्हणतात."

"म्हणजे मालक कोण हे तुला ठाऊक होतं, तरी खाल्लंस."

"पिल्लांसाठी दूध सुटत नव्हतं, सरकार."

"त्यांची काळजी आम्ही घेऊ," सर ऑगस्टस मायेने म्हणाला. मार्थाला त्याने काळ्या पाण्यावर धाडलं आणि पिल्लांना कुंपणाच्या कामाला लावलं. चारांपैकी तीन त्या हिवाळ्यात गेली. नेली नावाची मुलगी तेवढी वाचली.

पुढे ससे उपाशी मरू लागले, तेव्हा सर ऑगस्टसचं मन द्रवलं. नाताळच्या दिवशी त्याने प्रत्येक सशाला वाटीभर सूप दिलं. सूप गायरानातल्याच गवताचं होतं, पण गरम होतं. सशांनी रांगेत उभं राहून त्याला दुवा दिला. सभेने त्याला 'दीनबंधू' म्हटलं. मग तो कोवळं गवत अति खाऊन, भरल्या वयात आणि भरल्या पोटी वारला.

गायरानात त्याचा पुतळा बसला. पाया सशांनीच खणला.

पुष्कळ वर्षांनी शिक्षा संपवून मार्था परत आली. तिला नीट दिसत नव्हतं. नेलीने तिचा हात धरून तिला पुतळ्यापाशी नेलं.

"हा मेला अजून इथेच उभा आहे?" मार्था म्हणाली.

"आई, असं बोलू नये," नेली दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांनी आम्हाला सूप दिलं होतं."

मार्था खाली वाकून चौथऱ्याजवळचं गवत खाऊ लागली. सावकाश, चावून चावून.

नेलीने दोनदा समजावलं. आई ऐकेना. तेव्हा तिने डोळे पुसले आणि कुत्र्यांना हाक मारली.

तात्पर्य: मुलांनो, दुसऱ्याच्या वस्तूला कधीही हात लावू नये. आधी ती आपली करून घ्यावी.